दीर्घकालीन सपोर्ट असलेली सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टीम कशी निवडावी? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील पतसंस्था, शाळा, सनदी लेखापालांची कार्यालये, छापखाने आणि लहान रुग्णालये यांचे सर्व्हर सांभाळण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे. नवा सर्व्हर घेताना किंवा जुना बदलताना तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. तांत्रिक कामे करणाऱ्यांबरोबरच खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्या सचिवांना आणि व्यवस्थापकांनाही ती उपयोगी पडावीत, असा हेतू आहे.

दीर्घकालीन सपोर्ट म्हणजे नेमके काय मिळते?

आपल्याकडे 'सपोर्ट' म्हटले की फोन उचलणारा माणूस आणि एएमसीचा करार डोळ्यांसमोर येतो. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमची एखादी आवृत्ती प्रसिद्ध झाल्यापासून ठरावीक वर्षे तिच्यातील सुरक्षा-त्रुटी दुरुस्त करून देत राहू आणि त्या काळात तिच्या वागण्यात मोठे बदल करणार नाही, असे निर्मात्याने जाहीरपणे दिलेले आश्वासन म्हणजे दीर्घकालीन सपोर्ट. रोजच्या बोलण्यात त्याला एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) म्हणतात. या आश्वासनाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण ज्या कार्यालयात तेच लेखा-सॉफ्टवेअर सात वर्षे चालणार आहे, तेथे पॅच, म्हणजे दुरुस्ती, बसवल्यानंतर सोमवारी सकाळी सर्व काही शनिवारसारखेच चालले पाहिजे.

याउलट लिनक्स कुळातील उबंटूच्या, दोन एलटीएसच्या मधल्या आवृत्त्यांना केवळ ९ महिने आणि फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे १३ महिने दुरुस्त्या मिळतात. या प्रणाल्या उत्तम आहेत, परंतु ज्या सर्व्हरकडे वर्षातून दोनदा लक्ष देण्याइतकेही मनुष्यबळ नाही, त्यावर त्या बसवू नयेत.

आवृत्तीचा क्रमांक जुनाच राहतो, मग ती सुरक्षित कशी मानायची?

हा प्रश्न बहुतेक वेळा ऑडिटरच्या अहवालानंतर येतो. त्रुटी शोधणारा स्कॅनर प्रोग्राम सर्व्हरला बाहेरून विचारतो, सर्व्हर आपल्या वेब-सर्व्हरचा किंवा ओपनएसएसएचचा (दुरून लॉगिन करण्याच्या साधनाचा) जुना क्रमांक सांगतो आणि अहवालात लाल रंगाच्या वीस ओळी उमटतात. प्रत्यक्षात रेड हॅट, डेबियन, उबंटू, सुसे या लिनक्स प्रणाल्यांच्या स्थिर आवृत्त्यांत मूळ प्रकल्पाने नव्या आवृत्तीत केलेली दुरुस्ती तेवढीच उचलून जुन्या आवृत्तीत बसवली जाते. याला बॅकपोर्ट म्हणतात. त्यामुळे मुख्य क्रमांक तोच राहतो आणि पॅकेजच्या (बसवायच्या सॉफ्टवेअर-संचाच्या) क्रमांकाचे शेपूट तेवढे वाढत जाते.

ऑडिटरला उत्तर देताना त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (जाहीर त्रुटीला मिळणारा ओळख-क्रमांक) घ्यावा, निर्मात्याच्या सुरक्षा-पानावर ती आपल्या आवृत्तीसाठी कोणत्या पॅकेज-क्रमांकात दुरुस्त झाली ते पाहावे आणि सर्व्हरवरील पॅकेजचा पूर्ण क्रमांक सोबत जोडावा. स्कॅनरला समाधान वाटावे म्हणून वेब-सर्व्हर किंवा ओपनएसएसएल हे कूटलेखनाचे साधन बाहेरून आणून हाताने बसवणे ही मात्र गंभीर चूक आहे. त्या क्षणापासून त्या घटकाची जबाबदारी निर्मात्याकडून आपल्याकडे येते आणि दोन वर्षांनी ते कोणाच्याही लक्षात राहत नाही.

जे नवीन तेच अधिक सुरक्षित, असे नाही का?

नेहमीच नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या संक्षेपण-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर पेरलेले चोरदार उघडकीस आणले. एसएसएचने लॉगिन होण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढ्या बारीक निरीक्षणावरून हा शोध लागला. त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोराच्या विकासाधीन आवृत्त्यांत पोहोचल्या होत्या. डेबियन स्थिर, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स आणि उबंटूच्या प्रसिद्ध झालेल्या एलटीएस आवृत्त्या त्यापासून वाचल्या, कारण त्यांत जुनेच एक्सझेड होते. त्याच वर्षी जुलैमध्ये ओपनएसएसएचमधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, तेव्हाही रेड हॅट ९, डेबियन १२ आणि उबंटू २२.०४ यांना ती लागू होती. रेड हॅट ८, डेबियन ११ आणि उबंटू २०.०४ यांना नव्हती.

यावरून जुने ते सोने असा निष्कर्ष कोणी काढू नये. तेच जुने एक्सझेड किंवा ओपनएसएसएच सपोर्ट संपलेल्या सर्व्हरवर असेल, तर पुढच्या त्रुटीला वाली कोणी नाही. आपल्या आवृत्तीकडे कोणी तरी जबाबदारीने पाहत आहे का, एवढेच विचारायचे असते. सपोर्टची मुदत हे त्याचे उत्तर आहे.

कोणत्या प्रणालीला किती वर्षे मिळतात?

उबंटूची एलटीएस आवृत्ती दर सम वर्षी एप्रिलमध्ये येते आणि तिला ५ वर्षे मोफत दुरुस्त्या मिळतात. उबंटू प्रो या वर्गणीने ही मुदत १० वर्षांवर जाते आणि त्यापुढेही सशुल्क वाढ उपलब्ध आहे. २०.०४ ची मोफत मुदत मे २०२५ मध्ये संपली. आजही अनेक कार्यालयांत ती आवृत्ती तशीच चालू असलेली दिसते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवत आहे.

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी येते. पहिली ३ वर्षे पूर्ण सपोर्ट आणि त्यानंतर वेगळ्या एलटीएस गटाकडून आणखी सुमारे २ वर्षे, असा एकूण ५ वर्षांचा हिशेब आहे. १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ ची एलटीएस मुदत जून २०२८ पर्यंत आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ ची जून २०३० पर्यंत आहे. मात्र शेवटच्या दोन वर्षांत सर्व प्रोसेसर-प्रकार आणि सर्व पॅकेजे त्यात येत नाहीत. आपल्या सर्व्हरवरील कोणत्या पॅकेजचा सपोर्ट थांबला आहे हे सांगणारे एक लहानसे साधन डेबियनमध्येच मिळते. ते प्रत्येक डेबियन सर्व्हरवर असलेच पाहिजे.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला १० वर्षे मिळतात. आवृत्ती ८ ची मुदत मे २०२९ पर्यंत, ९ ची मे २०३२ पर्यंत आणि मे २०२५ मध्ये आलेल्या १० ची मे २०३५ पर्यंत आहे. पहिली ५ वर्षे नव्या हार्डवेअरचा आधार आणि सुधारणाही येतात. नंतरच्या ५ वर्षांत भर केवळ महत्त्वाच्या दुरुस्त्यांवर असतो. यात एक बारकावा वारंवार निसटतो. ही १० वर्षे मुख्य आवृत्तीची (उदा. ९) आहेत, मधल्या आवृत्तीची (उदा. ९.४) नाहीत. ९.४ वर थांबून राहिल्यास ९.५ आल्यानंतर, वेगळी वर्गणी घेतली नसेल तर, ९.४ साठी स्वतंत्र दुरुस्त्या येत नाहीत. 'आमच्या सॉफ्टवेअरचे प्रमाणपत्र ९.४ पुरतेच आहे' असे व्हेंडर म्हणत असेल, तर त्याचा खर्च कोण देणार हे करारातच लिहून घ्यावे.

सुसे लिनक्स एंटरप्राइझ सर्व्हरच्या १२ आणि १५ या मालिकांना १० वर्षे आणि त्यापुढे सशुल्क ३ वर्षे, असा क्रम राहिला आहे. एसएपी हे व्यवसाय-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कारखान्यांत आणि मोठ्या कंपन्यांत ती अधिक दिसते. ओरॅकल लिनक्सही रेड हॅटशी सुसंगत असून डाउनलोड आणि दुरुस्त्या मोफत मिळतात.

सेंटओएसचे काय झाले आणि त्याचा आजच्या निवडीशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. रेड हॅटशी तंतोतंत जुळणारी, मोफत आणि १० वर्षे चालणारी सेंटओएस ही मुंबईतील लहान कार्यालयांची आणि होस्टिंग व्यावसायिकांची ठरलेली निवड होती. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असे सर्वांनी धरले होते. ८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली की ती मुदत ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल आणि यापुढे सेंटओएस स्ट्रीम ही शाखाच राहील, जी रेड हॅटच्या पुढच्या मधल्या आवृत्तीच्या थोडी आधी चालते. परिणामी, जुन्या सेंटओएस ७ ला ३० जून २०२४ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहिल्या आणि नवी ८ तिच्या अडीच वर्षे आधी बंद झाली.

त्या वेळी ज्यांनी घाईने ८ बसवली होती, त्यांपैकी एका पतसंस्थेचे काम माझ्याकडे होते. सर्व्हर दहा महिन्यांचा होता. संचालक मंडळाच्या सभेत 'आपणच गेल्या वर्षी दहा वर्षांचे सांगितले होते' हे वाक्य मला ऐकावे लागले आणि ते खरे होते. तेव्हापासून मी मुदतीबरोबरच ती मुदत कोण देतो आहे, त्याला ती कशी परवडते आणि त्याने मत बदलले तर आपल्याला कोठे जाता येईल, हे तीन प्रश्न लेखी विचारतो.

मग अल्मालिनक्स घ्यावी की रॉकी लिनक्स?

दोन्ही २०२१ मध्ये सेंटओएसची जागा भरण्यासाठी उभ्या राहिल्या, दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींची आवृत्ती ९ मे २०३२ पर्यंत चालणार आहे. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपला स्रोत-कोड सार्वजनिकरीत्या केवळ सेंटओएस स्ट्रीममधून देण्याचे ठरवले, त्यानंतर वाटा थोड्या वेगळ्या झाल्या. अल्माने रेड हॅटची हुबेहूब प्रत होण्याचे ध्येय सोडून, रेड हॅटवर चालणारे सॉफ्टवेअर आपल्यावर चालले पाहिजे एवढी सुसंगतता ठेवली; रॉकीने तंतोतंत जुळण्याचा आग्रह कायम ठेवला. व्यवहारात लहान कार्यालयाला हा फरक क्वचित जाणवतो. आपल्या सॉफ्टवेअरचा व्हेंडर ज्या नावाला लेखी मान्यता देतो ते घ्यावे. दोन्हींना देत असेल, तर जुन्या हार्डवेअरच्या बाबतीत अल्मा पुढे आहे; त्याविषयी पुढे लिहिले आहे.

उबंटूची ५ वर्षे सर्व पॅकेजांना लागू असतात का?

नाही, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. उबंटूचा संग्रह मुख्यतः 'मेन' आणि 'युनिव्हर्स' अशा दोन भागांत आहे. उबंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी ५ वर्षांची हमी 'मेन'साठी देते, ज्यात तिच्याच सांगण्यानुसार सुमारे २,३०० पॅकेजे आहेत. 'युनिव्हर्स'मध्ये २३,००० हून अधिक आहेत आणि त्यांची देखभाल समुदायाच्या सवडीने होते. 'युनिव्हर्स'मधील सुरक्षा-दुरुस्त्यांची कंपनीची हमी उबंटू प्रोमध्ये मिळते. वैयक्तिक वापरासाठी ५ यंत्रांपर्यंत प्रो मोफत आहे. संस्थेसाठी घेताना अटी नीट वाचाव्यात.

विंडोज सर्व्हर हा पर्याय आहे का?

अर्थातच आहे. संस्थेचे लेखा-सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल, तर लिनक्सचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. विंडोज सर्व्हरला ५ वर्षे मुख्य आणि ५ वर्षे विस्तारित सपोर्ट असतो. २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७ ला, २०१९ ची ९ जानेवारी २०२९ ला आणि २०२२ ची १४ ऑक्टोबर २०३१ ला संपते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली २०२५ ही आवृत्ती २०३४ पर्यंत चालेल. २०१२ आर२ ची मुदत १० ऑक्टोबर २०२३ लाच संपली आहे.

किंमत काढताना सर्व्हरच्या परवान्यात प्रोसेसरचे किमान १६ कोअर मोजावे लागतात आणि प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा यंत्रासाठी वेगळा कॅल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचा परवाना, लागतो, हे विसरू नये. कोटेशनमध्ये कॅलची ओळ नसेल, तर कोटेशन अपुरे आहे.

१० वर्षांचा सपोर्ट असेल, तर सर्व्हर १० वर्षे तसाच ठेवावा का?

या प्रश्नावर मी सर्वाधिक वेळ देतो, कारण बहुतेक चुका येथेच होतात.

पहिली गोष्ट अशी की मुदत आवृत्ती प्रसिद्ध झाल्यापासून मोजली जाते, आपण ती बसवल्यापासून नाही. व्हेंडरच्या पेनड्राइव्हमध्ये जी आवृत्ती असते तीच बहुधा बसवली जाते. २०२६ च्या आरंभी कोणी उबंटू २२.०४ बसवून दिली, तर मोफत मुदतीचे सव्वा वर्षच हाती उरते, कारण ती २०२७ च्या पूर्वार्धात संपते. खरेदीच्या आदेशात आवृत्तीचा क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख, दोन्ही लिहावीत.

दुसरी गोष्ट अशी की ऑपरेटिंग सिस्टीमचे आयुष्य वेगळे आणि तिच्यावर चालणाऱ्या गोष्टींचे वेगळे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला मूळ प्रकल्पाकडून ५ वर्षे दुरुस्त्या मिळतात. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या एलटीएस आवृत्तीला साधारण ३० महिने मिळतात. रेड हॅटमध्येही डेटाबेस आणि भाषांच्या अनेक आवृत्त्या 'ॲप्लिकेशन स्ट्रीम' म्हणून येतात आणि त्यांची मुदत १० वर्षांहून बरीच कमी असू शकते. डिसेंबर २०२१ मध्ये जावा सॉफ्टवेअरमध्ये नोंदी लिहिणाऱ्या लॉगफोरजे या घटकाची त्रुटी आली तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम पूर्ण अद्ययावत असलेली कार्यालयेही अडचणीत आली, कारण ती फाइल व्हेंडरने आपल्या सॉफ्टवेअरच्या पोटात भरून दिलेली होती आणि सिस्टीमच्या पॅचला तिचा पत्ताच नव्हता.

तिसरी गोष्ट माणसांची आहे. १० वर्षांत सर्व्हर बसवणारा माणूस नोकरी बदलतो, पासवर्डची वही हरवते आणि सॉफ्टवेअर लिहिणारी लहान कंपनी बंद पडते. मग एकदम दोन-तीन मुख्य आवृत्त्या ओलांडण्याची वेळ येते आणि ती उडी कोणालाही जमत नाही. उबंटूच्या एका एलटीएसवरून पुढच्याच एलटीएसवर जाता येते, मधली गाळता येत नाही. डेबियनचेही तसेच आहे.

म्हणून माझा सल्ला असा असतो की १० वर्षांची मुदत असली तरी पाचव्या ते सातव्या वर्षाच्या दरम्यान, हार्डवेअर बदलतानाच, नव्या आवृत्तीवर जावे आणि उरलेली वर्षे अडचणीसाठी हाताशी ठेवावीत. मुंबईत लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस करार संपण्याच्या दिवशी घर शोधायला निघत नाही. दोन महिने आधीच इस्टेट एजंटला फोन जातो. सर्व्हरच्या बाबतीत ही आगाऊ मुदत दीड वर्षाची धरावी: पहिले सहा महिने सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी, नंतरचे अंदाजपत्रकात रक्कम मंजूर करून घेण्यासाठी आणि शेवटचे प्रत्यक्ष स्थलांतरासाठी.

जुन्या किंवा सेकंडहँड सर्व्हरवर नवी आवृत्ती चालेल का?

लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र रिफर्बिश्ड सर्व्हर चांगल्या किमतीत मिळतात आणि लहान संस्थेने ते घेण्यात काही गैर नाही. मात्र प्रोसेसरची पिढी पाहूनच घ्यावेत. रेड हॅट १० साठी एक्स८६-६४-व्ही३ या पातळीचा प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ही पातळी २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून येते. त्याआधीच्या झिऑनवर (इंटेलच्या सर्व्हर-प्रोसेसरवर) ती प्रणाली सुरूच होत नाही. रॉकी १० चेही तसेच आहे. अल्माने मात्र आवृत्ती १० ची जुन्या व्ही२ पातळीसाठी वेगळी बांधणी दिली आहे. डेबियन आणि उबंटूच्या सध्याच्या ६४-बिट आवृत्त्या ही अट घालत नाहीत. जुना ३२-बिट संगणक असेल तर तो आता सर्व्हर म्हणून वापरू नये. डेबियननेही आवृत्ती १३ पासून त्यासाठी नेहमीचे इन्स्टॉलर आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) देणे थांबवले आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना डेटाबेसला धोका असतो का?

असतो, आणि तो लगेच दिसत नाही म्हणून अधिक वाईट. लिनक्सवर अक्षरांचा क्रम ठरवण्याचे काम ग्लिबसी नावाची मूलभूत लायब्ररी (सर्व प्रोग्राम वापरतात असा सामायिक कोड) करते. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.२८ ने हे क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. सेंटओएस ७ मध्ये २.१७ होते, आवृत्ती ८ च्या कुटुंबात २.२८ आले, डेबियन ९ वरून १० वर आणि उबंटू १८.०४ वरून २०.०४ वर जातानाही हीच रेषा ओलांडली जाते. पोस्टग्रेसचे मजकुराच्या स्तंभांवरील इंडेक्स (झटपट शोधण्याच्या सूची) जुन्या क्रमाने रचलेले असतात. डेटाची फोल्डर जशीच्या तशी नव्या सिस्टीमवर नेली, तर डेटाबेस विनातक्रार सुरू होतो आणि नव्या क्रमाने जुन्या इंडेक्समध्ये शोधू लागतो.

एका संस्थेत हे मी स्वतः पाहिले. स्थलांतर शनिवारी रात्री झाले, रविवारी सर्व काही ठीक वाटले. चार दिवसांनी काउंटरवरील कर्मचारी सांगू लागल्या की संपूर्ण यादीत दिसणारा सभासद नावाने शोधल्यावर सापडत नाही. त्या कर्मचाऱ्यांपैकी दोघींनी 'नोंद नाही' असे समजून तीच नावे पुन्हा भरली होती आणि एकमेव असायला हवा असा सांकेतिक क्रमांक दोनदा स्वीकारला गेला होता. दुरुस्तीला एक रात्र लागली, पण दुहेरी नोंदी शोधून काढायला पुढचे तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांची जबाबदारी माझी होती, कारण स्थलांतरानंतर सर्व इंडेक्स नव्याने बांधण्याची सूचना मी यादीत लिहिली नव्हती.

तेव्हा अशा स्थलांतरात शक्य असेल तर डेटा डंप (मजकूर-रूपातील पूर्ण निर्यात) काढून नव्या सर्व्हरवर पुन्हा भरावा, म्हणजे इंडेक्स नव्या क्रमानेच तयार होतात. डेटा मोठा असल्यामुळे फोल्डरच न्यावी लागली, तर वापर सुरू करण्याआधी मजकुरावरील सर्व इंडेक्स पुन्हा बांधावेत. तसेच जुन्या सर्व्हरवरून नव्यावर प्रत्यक्ष प्रतिकृती चालू ठेवून 'आधी प्रत, मग अदलाबदल' करण्याचा मोह या रेषेवर टाळावा.

वर्षातील कोणत्या काळात अपग्रेड करावे?

संस्थेच्या कामाचे चक्र पाहून ठरवावे. पतसंस्थेत मार्च आणि एप्रिल टाळावेत, लेखापालांकडे ३१ जुलैच्या विवरणपत्रांपासून सप्टेंबरअखेरच्या ऑडिटपर्यंत हात लावू नये, दिवाळी अंक छापणाऱ्या छापखान्यात गणपतीनंतर काही बदलू नये आणि शाळेत मे महिन्याची सुट्टी वापरावी.

पावसाळ्याचा विचार मुंबईत वेगळा करावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते टोकाचे उदाहरण झाले. परंतु दर जुलैमध्ये असे दोन-चार दिवस येतातच जेव्हा लोकल थांबतात आणि दादरचा माणूस महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये पोहोचू शकत नाही. अपग्रेडनंतर सर्व्हर रीबूट झाला आणि परत उठला नाही, तर आयलो किंवा आयड्रॅकसारखी दूरस्थ कन्सोलची सोय हाच आधार असतो. ती नसेल तर जून ते सप्टेंबर या काळात मुख्य आवृत्ती बदलू नये. लहान सुरक्षा-पॅच मात्र कोणत्याही ऋतूत थांबवू नयेत. मला स्वतःला नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीचा मध्य हा काळ सर्वांत योग्य वाटतो. उबंटूही जुन्या एलटीएसवरून नव्यावर जाण्याची सूचना नव्या आवृत्तीच्या पहिल्या सुधारित प्रकाशनानंतरच देते आणि ते उन्हाळ्यानंतर, साधारण ऑगस्टमध्ये येते. म्हणजे हिवाळ्यापर्यंत तिला काही महिने मिळालेले असतात.

नियमांच्या दृष्टीने काय पाहावे?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, प्रणालींचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवावी लागतात. म्हणून निवडलेल्या सिस्टीमवर लॉगसाठी पुरेशी जागा आणि वेळ जुळवण्याची व्यवस्था पहिल्याच दिवशी करून घ्यावी. पूर्वनिर्धारित मांडणीत लॉग बहुधा काही आठवड्यांतच पुसले जातात. शेअर बाजाराशी संबंधित दलाल आणि मध्यस्थ संस्थांना सेबीची २० ऑगस्ट २०२४ ची सायबर सुरक्षा चौकट लागू आहे आणि तीत महत्त्वाच्या सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी ठेवण्याची अपेक्षा आहे. पॅकेज-व्यवस्थेतून बसवलेल्या गोष्टींची यादी एका आज्ञेने निघते, हाताने बसवलेल्यांची निघत नाही.

क्लाउडवर किंवा कंटेनरमध्ये चालवले, तर हा विचार करावाच लागतो का?

होय. मुंबईतील क्लाउडवर यंत्र भाड्याने घेतले तरी त्यातील ऑपरेटिंग सिस्टीमचे पॅच आपणच बसवायचे असतात. ॲमेझॉन लिनक्स २ ची मुदत जून २०२६ ची आहे, हे तेथील यंत्रे चालवणाऱ्यांनी पाहून ठेवावे. कंटेनरमध्ये (सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे सर्व एकत्र बांधलेल्या संचामध्ये) आधारभूत प्रतिमा हीसुद्धा एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीमच असते. खालचा सर्व्हर अद्ययावत असला तरी आतली डेबियन १० तशीच पडून राहते.

पैसे देऊन वर्गणी घ्यावी का?

संस्थेतच जाणकार माणूस असेल आणि सर्व्हर बंद पडल्यास दोन-चार तास थांबता येत असेल, तर डेबियन किंवा अल्मा पुरेशी आहे. सभासदांचे पैसे किंवा रुग्णांच्या नोंदी असतील आणि रात्री अकरा वाजता विचारायला कोणी नसेल, तर वर्गणीचा खर्च योग्य आहे. मात्र ती आपल्या माणसाऐवजी नव्हे, त्याच्या मदतीसाठी घ्यावी.

मुदत संपलेला सर्व्हर लगेच बदलता येत नसेल, तर?

मुदत संपली म्हणून सर्व्हर बंद पडत नाही, आणि त्यामुळेच तो विसरला जातो. सेंटओएस ७ च्या बाबतीत जुलै २०२४ पासून नेहमीची रिपॉझिटरी (पॅकेजे मिळण्याचे ठिकाण) उत्तर देईनाशी झाली, तेव्हा कुठे अनेकांना जाग आली. जुनी पॅकेजे जतन-संग्रहातून मिळतात, पण तेथे नवी दुरुस्ती येत नाही.

अशा वेळी सर्वप्रथम त्या सर्व्हरचा इंटरनेटशी थेट संबंध तोडावा आणि फायरवॉलमधून केवळ ठरलेल्या संगणकांनाच प्रवेश द्यावा. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष परत भरून पाहावा. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबू नये. मग सशुल्क वाढीव मुदत मिळते का ते पाहावे आणि मिळत असल्यास एका वर्षापुरती घ्यावी. सेंटओएस ७ वरून पुढे नेण्यासाठी अल्माचे 'एलिव्हेट' हे साधन आहे, परंतु मी ते प्रतिकृतीवर दोनदा चालवल्याशिवाय मूळ सर्व्हरवर चालवत नाही आणि बहुतेक वेळा नवा सर्व्हर उभारून डेटा हलवणेच पसंत करतो. जुना सर्व्हर स्थलांतरानंतर नेटवर्कमधून काढून एक महिना तसाच ठेवावा. पहिली महिनाअखेर आणि तिचे सर्व अहवाल नव्या सर्व्हरवर जुळल्यानंतरच त्याच्या डिस्क पुसाव्यात.